पिल्लाच्या पोटाचा जमाखर्च

गेल्या गाळप हंगामातली गोष्ट आहे. डिसेंबरची संध्याकाळ, थंडी पडायला लागलेली. ऑफिस सुटल्यावर मी माळेगावात घरी पोहोचलो तर दारात लहान लहान चपलांचा ढीग. ओसरीवर आळीतली सात-आठ पोरे गोल करून बसलेली आणि मधोमध आमची धाकटी. तिच्या ओढणीत काहीतरी गुंडाळलेले होते आणि ते बारीक आवाजात ओरडत होते. "पप्पा, आधी रागावणार नाही म्हणा," ती म्हणाली. एवढ्यावरच मी काय ते ओळखले.

मांजरीचे पिल्लू होते. त्याची आई दुपारी बारामती-नीरा रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली गेली, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिले होते. बाकीची पिल्ले सापडली नाहीत. हे एक शेजारच्या सरपणाच्या ढिगात ओरडत होते म्हणून हाती लागले. डोळे उघडलेले, पण पाय लटपटत होते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले, २१० ग्रॅम भरले. म्हणजे साधारण दोन आठवड्यांचे.

वाचकहो, मला त्या दिवशी राग आला नाही, भीती वाटली. कारण तीन वर्षांपूर्वी असेच एक पिल्लू आमच्या घरात माझ्या अडाणीपणामुळे मेले होते. त्याचे डोळेही उघडलेले नव्हते. आम्ही त्याला म्हशीचे दूध साखर घालून कापसाच्या बोळ्याने पाजले. दर दोन तासांनी, अगदी प्रेमाने. दुसऱ्या दिवशी त्याचे पोट चेंडूसारखे गोल झाले. शेजारच्या आत्याबाई म्हणाल्या, "बाळसं धरलंय बघा." आम्हीही खूश. चौथ्या दिवशी पिल्लाने दूध तोंडातून बाहेर टाकायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी सकाळी मी त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरसाहेबांनी पोटाला हात लावला आणि विचारले, "भाऊसाहेब, याने शेवटची शी कधी केली?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ऑफिसात कोणत्या महिन्याचे कोणते व्हाउचर कोणत्या फाइलीत आहे हे मी झोपेत सांगतो. आणि घरातल्या एवढ्याशा जिवाने पाच दिवसांत एकदाही शी केली नाही, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही नुसतं घालत गेलात. बाहेर काढायला कोणी नव्हतं." पिल्लू त्याच दुपारी गेले.

इतक्या लहान पिल्लाला लघवी आणि शी आपली आपण करता येत नाही, हे तेव्हा मला कळले. मांजरी पिल्लाला पाजते आणि मग त्याच्या पार्श्वभागी चाटते. त्या चाटण्याने पिल्लाचे पोट मोकळे होते. आपण समजतो, आई पिल्लाला स्वच्छ करते आहे. ते खरेच आहे, पण त्याहून मोठे काम ती करीत असते. साधारण तीन ते चार आठवड्यांचे होईपर्यंत पिल्लाला ही मदत लागते. आई नसेल तर ती माणसाने करायची.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय खाते पुरे होत नाही हे मला कॉलेजात शिकवले, त्यावर मी वीस वर्षे पगार घेतला, आणि पिल्लाच्या खात्याची मात्र एकच बाजू लिहिली. म्हणून यावेळी धाकटीला म्हटले, "ठेवू या. पण वही घालायची." सौ. आतून म्हणाली, "ऑफिस घरी आणलंत का?" पण शंभर पानी वही तिनेच काढून दिली.

पहिली रात्र अवघड असते. पिल्लू हाताला गार लागत होते. अशा वेळी आपला हात आधी दुधाकडे जातो, आणि तिथेच चूक होते. गारठलेल्या पिल्लाची आतडी चालत नाहीत. पोटात गेलेले दूध तिथेच पडून राहते, नासते, पोट फुगते. आधी ऊब द्यायची आणि मगच दूध. आम्ही प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरले, बाटली जुन्या सुती साडीच्या घडीत गुंडाळली आणि खोक्यात एका बाजूला ठेवली. दुसरी बाजू मोकळी ठेवली, म्हणजे उकडले तर पिल्लाला सरकता येते. अंग हळूहळू ऊबदार करायचे. चुलीपुढे धरू नये, उघड्या बाटलीला चिकटवू नये, कातडी भाजते. तासाभराने ते ऊबदार झाले आणि तोंड हलवू लागले.

आता दुधाचा प्रश्न. मांजर आणि दुधाची वाटी हे चित्र आपण पहिलीच्या पुस्तकापासून पाहत आलो, पण ते पिल्लाच्या पोटाला मानवत नाही. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिने असतात. गाई-म्हशीच्या दुधाने बहुतेक पिल्लांना हगवण लागते. हगवणीने अंगातले पाणी जाते, पुढे पिल्लू मलूल होते आणि मग शी होतच नाही. जनावरांच्या औषधांच्या दुकानात मांजरीच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. मोठ्या गावात लगेच मिळते, खेड्यात मागवावी लागते. आम्हाला ती दुसऱ्या दिवशी बारामतीत मिळाली. पहिल्या रात्रीपुरते आम्ही शेजारच्या शेळीचे दूध उकळून, कोमट करून दिले. शेळीचे दूध अडचणीच्या एक-दोन दिवसांपुरतेच. ते पचायला त्यातल्या त्यात बरे, पण पिल्लाच्या वाढीला पुरेसे नाही. साखर, मध, ग्राइप वॉटर, बाळघुटी यातले काहीही घालायचे नाही.

पाजायचे कसे, हेही डॉक्टरसाहेबांनी दाखवले. तान्ह्या मुलासारखे उताणे घेऊन पाजायचे नाही. दूध श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसे बिघडतात. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, आईला पिताना असते तसे. सुई काढलेल्या लहान सिरिंजने थेंब थेंब सोडायचे. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहायचे, कोमट लागले पाहिजे. एका वेळी किती? वजनाच्या प्रत्येक १०० ग्रॅमला ४ ते ५ मिलिलिटर. आमच्या २१० ग्रॅमच्या पाहुण्याला ८ ते १० मिलिलिटर झाले. दर तीन-साडेतीन तासांनी. याहून जास्त पाजले की पोट ताणते.

प्रत्येक पाजण्यानंतर दुसरे काम. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पिळायचा आणि लघवीच्या जागेवरून गुदद्वाराकडे अलगद फिरवायचा, आई चाटते त्या चालीने. घासायचे नाही. मिनिटभरात लघवी येते. शी प्रत्येक वेळी येईलच असे नाही, पण दिवसातून एकदा तरी यावी. शी मोहरीच्या रंगाची, दातांच्या पेस्टइतकी मऊ असेल तर सगळे ठीक. नंतर जागा कोरडी करायची, नाहीतर कातडी लाल होते. आमच्या धाकटीला पहिल्यांदा किळस वाटली. दुसऱ्या दिवशी तीच मैत्रिणींना शिकवीत होती.

वहीत पाच रकाने आखले. वेळ, दूध, लघवी, शी, सकाळचे वजन. रात्रीचे कसे करायचे, असा तुमचा प्रश्न असेल. घरात सगळे कामावर जाणारे, कोणाला जागणे परवडते? आमच्या घरी मेव्हणे पाळीवर असतात. पहाटेच्या पाळीला जाण्यापूर्वीचे पाजणे त्यांनी उचलले. रात्री अकराचे माझे, मधले एक सौभाग्यवतीचे, दुपारचे माझ्या आईचे. ज्याने पाजले त्याने वहीत लिहायचे, नाहीतर दोघे जण पाजून मोकळे होतात आणि पुसत कोणीच नाही.

आणि वहीचा उपयोग तिसऱ्याच दिवशी झाला. शीचा रकाना दोन दिवस कोराच होता. लघवी होती, तीही कमी आणि गडद. वजन २१० वरून २०४ वर आलेले. मांजरीचे पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅमने वाढायला हवे, घटणे हे वाईट लक्षण. नुसते डोळ्यांनी पाहिले असते तर काहीच कळले नसते, कारण पोट गोल दिसत होते आणि पिल्लू ओरडत होते. मी ऑफिसला अर्धी रजा टाकली.

डॉक्टरसाहेबांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही, सावकाश बसली. "पाणी कमी पडलंय. पावडर किती घालता?" आता सौ. माझ्याकडे पाहू लागली. पाकिटावर जे माप होते त्यावर ती एक चमचा जास्त घालीत होती. घट्ट दूध म्हणजे पौष्टिक दूध, हा आपल्या सगळ्यांचा समज. पातळ दूध देणारा गवळी आपल्याला फसवतो, तशी पातळ पावडरही फसवी वाटते! पण दूध घट्ट झाले की पिल्लाच्या पोटात पाणी कमी जाते, आतडी मळातले पाणी ओढून घेतात आणि मळ सुकून घट्ट होतो. डॉक्टरसाहेबांनी कातडीखाली थोडे सलाईन दिले, पोट तपासले आणि बजावले की पावडरला पाकिटावरचेच माप, सपाट चमचा, शीग लावायची नाही. त्या रात्री दोनच्या सुमारास सौभाग्यवतीने मला हलवून उठवले. "अहो, झाली!" आम्ही दोघे दिव्याखाली त्या कापसाच्या बोळ्याकडे पाहत उभे होतो. धाकटीने सकाळी वहीत त्या रकान्यात लाल पेनने लिहिले.

त्या दोन दिवसांत शेजाऱ्यांनी सांगितलेले उपाय लिहून ठेवतो, कारण तुमच्याकडेही हेच सांगतील. आत्याबाई विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घेऊनच आल्या होत्या. तान्ह्या मुलाला पूर्वी घरोघर करीत. कोणी साबणाची काडी सुचवली, कोणी एरंडेल, कोणी मेडिकलमधून माणसांचा एनिमा. यांतले काहीही करू नका. पिल्लाचे गुदद्वार सुईच्या नेढ्याएवढे, देठाने आत जखम होते. तोंडाने तेल पाजले तर ते सहज फुप्फुसात जाते. माणसांसाठीच्या फॉस्फेटच्या एनिम्याने मांजराचा जीव जातो. पोट दुखत असेल म्हणून पॅरासिटॅमॉल देणारेही भेटतील. ती गोळी मांजराला विष आहे, तिचा तुकडासुद्धा द्यायचा नाही. आत्याबाईंना मी हात जोडले आणि म्हटले, "आत्या, देठ राहू द्या, पान मला खाऊ द्या." त्या हसल्या आणि बसून राहिल्या.

पिल्लू चार आठवड्यांचे झाले, दात आले, आपले आपण खोक्याच्या कोपऱ्यात बसू लागले. आपल्याला वाटले आता सुटलो. पण बद्धकोष्ठाचा दुसरा धोका इथेच असतो. दूध सुटते आणि कोरडे अन्न सुरू होते. मांजर मुळातच पाणी कमी पिते, त्याला पाणी मिळते ते खाण्यातून. आपल्या घरात त्याच्यापुढे काय पडते? दूध-भाकरी, चपातीचा तुकडा, नाहीतर बाजारातून आणलेले सुके बोंबील आणि सुकट. भाकरीने पोट भरते, पण मांजराला लागते ते प्राण्याच्या मांसातून. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा खराब होतो हे १९७५ साली आणि हृदय दुबळे होते हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. भाकरीत ते नाही. सुकट-बोंबलात मीठ फार आणि काटेही.

म्हणून सुरुवात मऊ आणि ओल्या खाण्याने करावी. कोंबडीचे मांस नुसत्या पाण्यात शिजवायचे. मीठ, मसाला नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराचे रक्त बिघडते. हाड काढून, बोटांनी कुस्करून, त्याच पाण्यात किंवा पिल्लाच्या दुधात कालवून पेजेसारखे द्यायचे. तसेच काटे काढलेला उकडलेला मासा, उकडलेले अंडे. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे. शिजवलेले हाड मात्र देऊ नये. त्याच्या फुटलेल्या कपच्या आतड्यात अडकतात आणि त्याचा चुरा गुदद्वाराशी सिमेंटसारखा बसतो.

इथे एक गोष्ट मला नवीन कळली. महिनेन्‌महिने नुसते मांस दिले तर पिल्लाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो. हाडे ठिसूळ होतात, उडी मारली तरी मोडतात. कमरेचे हाड मोडून वाकडे जुळले की मळाची वाटच अरुंद होते आणि ते मांजर जन्मभर कुंथत राहते. म्हणजे आपण कौतुकाने चिकन घातले आणि बद्धकोष्ठ दिले. त्यामुळे परवडेल तसे पिल्लांसाठीचे तयार खाद्य मुख्य ठेवावे आणि घरचे मांस-मासा वरून. तयार कोरडे दाणे असतील तर कोमट पाण्यात भिजवून फुगवून द्यावेत. आम्ही महिन्याला एक लहान पाकीट आणतो. महाग वाटते, पण दवाखान्याच्या खेपांपेक्षा स्वस्त पडते, हेही वहीतच आहे.

पाण्याची पसरट वाटी खाण्यापासून थोडी दूर ठेवावी आणि पाणी रोज बदलावे. दोन महिन्यांच्या पुढे शी जरा घट्ट वाटली तर अर्धा लहान चमचा उकडलेला लाल भोपळा खाण्यात कालवून चालतो. शीसाठी पसरट टबात बारीक वाळू किंवा माती द्यावी. दुकानात ओली झाली की गोळा बनणारी माती मिळते, ती लहान पिल्लाला नको. पिल्ले ती चाटतात आणि ती पोटात जाऊन गोळा होते. दोरा, लोकर, गजऱ्याचा दोरा पिल्लापुढे टाकू नये. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही, तसेच दवाखाना गाठायचा. पोट हंड्यासारखे, अंग काटकुळे, असे पिल्लू दिसले की जंतांचा संशय घ्यावा. जंतांचे औषध वजनावर ठरते, म्हणून ते डॉक्टरांकडूनच.

दवाखान्यात कधी धावायचे? दोन दिवस शी नाही. कुंथते पण काही येत नाही. ओकते, खाणे सोडते, पोट कडक लागते, अंग गार पडते. पिल्लू जितके लहान तितकी वाट कमी पाहायची. दूध पिणाऱ्याने चोवीस तास शी केली नाही की मी तरी दुसऱ्या दिवशी फोन करीन. बोक्याचे पिल्लू कुंथत असेल तर लघवी तुंबलेली असू शकते आणि ते जास्त घाईचे असते. क्वचित एखाद्या पिल्लाला जन्मतःच गुदद्वाराचे छिद्र नसते. घरी आणल्या दिवशीच शेपटी वर करून एकदा पाहून घ्यावे.

आता एक वेगळी सूचना, विशेषतः आपल्या भागातल्या ऊसतोडीच्या आणि शेतमजुरी करणाऱ्या बंधू-भगिनींसाठी. हे वाचून कोणी उसाच्या फडात सापडलेले पिल्लू उचलून कोपीवर नेऊ नये. उसात रानमांजर वितेच. इवलेसे ठिपक्यांचे वाघाटीचे पिल्लूही सापडते, आणि जुन्नरकडे तर बिबट्याची पिल्ले. आई बहुधा जवळपासच असते, माणसांच्या गलबल्याने बाजूला गेलेली. जुन्नर तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तिथले पशुवैद्य आणि वन खात्याचे लोक अशी पिल्ले तपासतात, संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि लांब थांबतात. रात्री आई येऊन पिल्लू तोंडात धरून नेते. बिबट्याची नेते, तशी रानमांजराची आणि वाघाटीचीही नेलेली आहेत. म्हणून तेवढ्या पट्ट्यातली तोड थांबवावी, मुकादमाला सांगावे, वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ही पिल्ले घरी ठेवणे गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कोपीवर म्हशीचे दूध पाजून त्यांचे तेच होणार जे आमच्या पहिल्या पिल्लाचे झाले. गावातल्या मांजरीच्या पिल्लाचेही तसेच. ऊबदार आणि शांत पडलेली पिल्ले आईने सोडलेली नसतात. दोन-चार तास लांबून पाहावे. आई मेल्याची खात्री असेल किंवा पिल्लू गारठून ओरडत असेल तरच हात लावावा.

आमचे पिल्लू पाठ निघाली, बोका आहे. सहाव्या महिन्यात त्याचे ऑपरेशन करून घेतले, रेबीजची लस टोचली. वजन आता २ किलो ९०० ग्रॅम. परवा आत्याबाईंच्या घरी मांजर व्याली. चार पिल्ले आहेत, आई धडधाकट आहे, तरी त्यांनी सकाळी निरोप पाठवला, "भाच्याला म्हणावं, ती वही जरा दे." वहीची मागची चाळीस पाने कोरी आहेत. धाकटीने आपल्या खात्याखाली दोन रेघा मारून, तारीख घालून ती पोचती केली.